लंकेची रेल्वे आणि आत्याचा भूगोल

श्रीलंकेला जाऊन आलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ती निळी ट्रेन केलीस का? म्हणजे ती, दाराला लटकून मुली फोटो काढतात, मागे चहाचे मळे, ती. हो, केली. आणि दुसऱ्याही ट्रेन केल्या ज्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्याबद्दलच जास्त बोलायचंय, पण निळ्या ट्रेनशिवाय लोक पुढचं ऐकून घेत नाहीत म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करते.

बरोबर आत्या होती. आत्या म्हणजे कर्जतच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेली बाई, सत्तरी ओलांडलीये, गुडघे कुरकुरतात, पण नकाशा समोर आला की चष्मा कपाळावर आणि बोट नदीवर. आपल्याकडून लंकेला जाणारे बहुतेक लोक रामायण टूर करतात, मिनीबस, सीता एलिया, अशोकवाटिका, संध्याकाळी बुफेत पनीर. वाईट काही नाही त्यात. पण आत्याने आधीच सांगून टाकलं होतं, "मला मिनीबसमध्ये अंताक्षरी खेळत देश बघायचा नाहीये. रेल्वेने जाऊ. जिथे उतरावंसं वाटेल तिथे उतरू." म्हटलं ठीक आहे, देश आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही लहान, रेल्वेचं सगळं जाळं मिळून साधारण दीड हजार किलोमीटरचं, हरवून हरवून हरवणार कुठे.

कोलंबो फोर्ट स्टेशनच्या दारात एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाचा पुतळा आहे. हा कर्नल ऑल्कॉट, अमेरिकन, थिऑसॉफिकल सोसायटीवाला, इथे येऊन बौद्ध झाला आणि बौद्ध मुलांसाठी शाळा काढायच्या चळवळीत पडला. आत्याने त्याला मनापासून नमस्कार केला, शाळा काढणारा म्हणजे तिच्या खात्यातलाच माणूस. आत गेलो तर खिडकीवरच्या माणसाने जे तिकीट दिलं ते बघून आत्या एकदम खूश, जाड पुठ्ठ्याचं छोटंसं तिकीट, आपल्याकडे असायचं ना तस्सं. आमच्या घरी आजोबांच्या खणात असली तिकिटं होती आणि आम्ही त्यांच्यावर कंडक्टर-कंडक्टर खेळायचो.

इथल्या गाड्यांची नावं फार गोड आहेत. पोडी मेणिके, उडरट मेणिके, रुहुनु कुमारी, याळ देवी, उदय देवी, राजरट राजिन. सगळ्या बायका! कुणी राजकन्या, कुणी राणी, कुणी देवी. आम्ही पहाटेची पोडी मेणिके पकडली, थर्ड क्लासची. रिझर्वेशन महिनाभर आधी उघडतं आणि उघडल्या उघडल्या संपतं, त्यामुळे आमच्यासारख्यांना बिनारिझर्वेशनचा डबा, म्हणजे आधी चढेल त्याला सीट. मी गेली वीस वर्षं डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडतेय. सीट मिळाली.

पहिले दोन तास तसे सपाट आहेत, भातखाचरं, नारळ, केळी, तळ्यात बसलेल्या म्हशी, सगळं कोकणात बघितलेलं. रंबुक्कन आलं आणि गाडीचा आवाज बदलला. इथून कडुगन्नावचा घाट सुरू होतो. रूळ आपल्यासारखेच ब्रॉडगेज, साडेपाच फुटी, आणि आत्या कर्जतची असल्यामुळे घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज तिला झोपेतही कळतो. कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात आणि मग गाडी खंडाळ्याकडे निघते, हे तिने लहानपणापासून घरबसल्या ऐकलेलं. ती म्हणाली, "हा आपला घाट वाटतोय गं."

आणि यात नुसता भास नाहीये, खरंच नातं आहे, जे आत्या घरून वाचून आली होती आणि बरोबर घाट सुरू होईपर्यंत तिने राखून ठेवलं होतं. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, त्या लाइनीचं काम ज्या कंत्राटदारांनी केलं त्यातला एक विल्यम फॅव्हिएल. पुढे भोर घाटाचं कंत्राटही त्यालाच मिळालं. तिथे १८५९ मध्ये मजुरीवरून मजुरांचा मोठा दंगा झाला आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने ते काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला, तो आल्या आल्याच आजारी पडून वारला, आणि त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुरं करून घेतलं (त्या बाईवर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा). इकडे फॅव्हिएल पोचला लंकेत आणि कोलंबो-कँडी लाइन त्याने बांधली. म्हणजे आमच्या घाटात हात पोळलेला माणूस इथे येऊन दुसऱ्या घाटात उभा राहिला. सरकारकडून मुख्य इंजिनिअर होता गिल्फर्ड मोल्सवर्थ. आपल्या शब्दकोशवाला मोल्सवर्थ नव्हे, तो जेम्स, हा वेगळा.

२७ डिसेंबर १८६४ ला पहिली गाडी कोलंबोहून अंबेपुस्सपर्यंत गेली, ५४ किलोमीटर. १८६७ ला ती घाट चढून कँडीला पोचली. आपल्या भोर घाटात ३७ फुटाला १ फूट चढ आहे, इथे ४५ ला १, म्हणजे जरा सौम्य, पण एका बाजूला सरळ तुटलेला कडा आणि खाली झाडांची टोकं. पलीकडे एक सपाट माथ्याचा मोठा डोंगर दिसत राहतो, इंग्रजांनी त्याचं नाव बायबल रॉक ठेवलं, स्थानिक नाव बटलेगल. डब्यातले सगळे परदेशी एका बाजूला. मोबाईल बाहेर. आणि इथे आत्याने जे म्हटलं ते मला नंतर पूर्ण प्रवासभर पुरलं. ती म्हणाली, "लक्षात ठेव, जिथे जिथे लोक फोटो काढतात ना, तिथे तिथे इंजिनिअर अडला होता."

खरंच की. ही लाइन कुणी देखावा बघायला बांधली नाही. कँडीच्या डोंगरातली कॉफी बंदरावर उतरवायची होती, बैलगाड्यांना फार दिवस लागायचे, मळेवाले मागे लागले होते. इंजिनिअरला हवा होता कमीत कमी चढ आणि कमीत कमी खर्च. डोंगर सरळ चढता येईना म्हणून वळसा, वळसा घेता येईना म्हणून बोगदा, दरी मध्ये आली म्हणून पूल. आज आपण ज्याला सीनरी म्हणतो ती सगळी त्यांची डोकेदुखी आहे. आणि गंमत म्हणजे कॉफी टिकलीच नाही. रेल्वे कँडीला पोचून दोन वर्षं होतात न होतात तोच १८६९ च्या सुमारास कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत मळेच्या मळे गेले. मग चहा. रेल्वे तीच, पोती बदलली. चहामागोमाग लाइन वर वर चढत गेली, नानू ओया १८८५, बंडारवेला १८९४, आणि शेवटचं बदुल्ला थेट १९२४. कोलंबोपासून बदुल्ला २९० किलोमीटर, बांधायला साठ वर्षं, आणि आजही गाडीला दहा तास लागतातच.

कँडीला पोडी मेणिके आत जाते, थांबते आणि उलटी फिरून पेरादेनियाला परत येते, कारण कँडी मुख्य लाइनीवर नाही, फाट्यावर आहे. त्यामुळे इतका वेळ पुढे तोंड करून बसलेले सगळे एकदम मागे तोंड करून बसलेले होतात. आमच्या समोरच्या जर्मन जोडप्याला हे अजिबात आवडलं नाही, त्यांनी सीट शोधायला सुरुवात केली, तेवढ्यात कँडीहून चढलेल्या मंडळींनी डबा असा काही भरला की मला दादर आठवलं.

आणि वडेवाले. वडे वडे वडे, इस्सो वडे! डाळीचा चपटा वडा, त्याच्यावर एक अख्खी कोळंबी चिकटवलेली, कवच-बिवच सगळं. आत्या शाकाहारी, तिने नुसते डाळीचे घेतले, वर तळलेल्या लाल मिरच्या. वडे बांधून दिले होते ते कुणाच्या तरी शाळेच्या वहीच्या पानात. तिकडे हे सर्रास आहे, जुन्या वह्या, उत्तरपत्रिका, सगळ्याच्या पिशव्या होतात. वडा संपला, आत्याने कागद सरळ केला, लिपी तर वाचता येत नव्हती पण गणितं होती आणि आकडे आपल्या ओळखीचे. तिने पर्समधून पेन काढलं. मी म्हटलं "आत्या, काय करतेस?" तर म्हणे, "तिसऱ्या गणितात हातचा विसरलाय पोरगा." आणि खरंच तिथे तेलकट कागदावर तिने गोल करून बरोबर उत्तर लिहिलं. शेजारची बाई हसायला लागली, तिच्या मुलानेही कागद बघायला मागितला, मग त्या बाईने आम्हाला उकडलेले हरभरे दिले, खोबरं घातलेले. पुढचे तीन तास भाषा नसताना गप्पा चालू होत्या. कुणाला मुलं किती, कुणाचं लग्न झालं, गुडघ्याला कोणतं तेल.

हॅटनपर्यंत डोंगर चांगलेच उंच होतात. इथे श्रीपादला जाणारे यात्रेकरू उतरतात. शिखरावर पायाचा ठसा आहे, बौद्ध म्हणतात बुद्धाचा, हिंदू म्हणतात शंकराचा, मुसलमान आणि ख्रिस्ती म्हणतात आदमचा, आणि सगळे एकाच पायऱ्या चढतात. हॅटनच्या पुढे चहा सुरू होतो तो मग संपत नाही. मी पण फोटो काढत होते, खोटं कशाला बोलू, हिरवंगार, वर धुकं, मध्ये रांगेत पानं खुडणाऱ्या बायका. माझ्या बाजूला दारात एक मुलगा उभा होता, कोलंबोत कपड्यांच्या दुकानात कामाला, सुट्टीला घरी तलवाकेलेला निघालेला, तमिळ, आणि हिंदी सिनेमांमुळे हिंदी कळणारा. त्याने हात लांबवून दाखवलं, "वो हमारा घर।" मळ्याच्या कडेला बुटक्या बैठ्या चाळी होत्या, पत्र्याच्या छपराच्या, एका ओळीत. त्यांना तिथे लाइनच म्हणतात. माझ्या फोटोत त्या येऊ नयेत म्हणून मी गेले अर्धा तास मोबाईल जरा वर धरत होते, हे मला तेव्हा लक्षात आलं. पुढे मी फोटो काढलेच, पण सरळ धरून.

या लोकांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्यांच्याशिवाय ती निळी ट्रेन नाही आणि चहाही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मद्रास इलाख्यातून, तमिळ मुलखातून, हजारो मजूर आणले. होडीने मन्नारच्या बाजूला उतरायचं आणि तिथून जंगलातून चालत डोंगरात यायचं, वाटेत ताप, पटकी, कितीतरी माणसं पोचलीच नाहीत. पुढे देश १९४८ ला स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने या मळ्यातल्या बहुतेक लोकांना नागरिकच मानलं नाही. शंभर वर्षं राहिलेली माणसं कुठलीच नाहीत! १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि लंकेच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांचा करार झाला, त्यात वाटणी ठरली, सव्वापाच लाख भारताने घ्यायचे, तीन लाख लंकेने ठेवायचे, उरलेल्यांचं मागाहून बघू. माणसांची अशी वाटणी. आणि ज्यांच्या वाट्याला भारत आला ती कुटुंबं याच रेल्वेने डोंगर उतरून तलैमन्नारला गेली आणि तिथून बोटीने रामेश्वरला. त्यातल्या कित्येकांनी भारत कधी बघितलाच नव्हता. तो मुलगा तलवाकेलेला उतरला, खाली उभा राहून खिडकीतून आत्याची पिशवी नीट वर सरकवून दिली आणि गेला.

पट्टीपोलाला लाइनीची सगळ्यात उंच जागा आहे, पाटी लावलीये, ६,२२६ फूट. ब्रॉडगेजसाठी ही उंची फारच आहे. स्वेटर नसेल तर दात वाजतात. त्याच्या लगेच पुढे एक बोगदा आहे आणि बोगद्याच्या अलीकडे एक हवा, पलीकडे दुसरी, अशी ख्याती. आम्ही आत शिरलो तेव्हा अलीकडे भुरभुर पाऊस आणि धुकं, बाहेर आलो तर ऊन, कोरडी हिरवी दरी, खाली लांबवर सगळं उघडं. आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "पर्जन्यछाया! अख्खं आयुष्य फळ्यावर काढलं गं मी हे, बाण काढून, महाबळेश्वर आणि वाई, आणि मुलं मागच्या बाकावर झोपायची. इथे आणून बसवायला हवी होती कार्टी." नैऋत्य मोसमी वारे एका बाजूला पाऊस टाकतात, ईशान्येचे दुसऱ्या बाजूला, आणि मधला डोंगर भोकसून गाडी जाते म्हणून तो फरक एका मिनिटात अंगावर येतो. मोटारीने वळणं घेत गेलं असतं तर तो असा कळला नसता.

पुढे इदलगशिन्न नावाचं स्टेशन आहे, डोंगराच्या धारेवर, दोन्ही बाजूंनी दरी. मग हापुताले. मग दियतलाव, जिथे बोअर युद्धातले कैदी आणून ठेवले होते, १९०० साली, दक्षिण आफ्रिकेतून थेट इथे. इंग्रजांना माणसं इकडून तिकडे हलवायची फार हौस. स्टेशनं सगळी जुनी, फुलांच्या कुंड्या, स्टेशन मास्तर पांढऱ्याशुभ्र ड्रेसमध्ये, आणि सिंगल लाइन असल्यामुळे ड्रायव्हरला टॅब्लेट द्यायची पद्धत अजून चालू, वेताच्या कड्यात अडकवलेला तो तुकडा चालत्या गाडीतून घ्यायचा आणि मागचा टाकायचा. तो हातात आहे म्हणजे पुढची लाइन तुझी.

एला मला नाही आवडलं. सांगून टाकते. गाव म्हणजे एक रस्ता आणि दोन्ही बाजूंना कॅफे, आणि नऊ कमानींच्या पुलावर गाडीची वाट बघत रुळांवर बसलेले दोनशे लोक, ड्रोन घोंघावतायत, शहाळीवाले, एक नवरी मेकअप करून तयार. पूल मात्र खरंच देखणा आहे, १९२१ चा, साधारण ८० फूट उंच, सगळा दगड, वीट आणि सिमेंट, लोखंड नाहीच. पहिल्या महायुद्धात पोलाद तिकडे वळवलं म्हणून स्थानिक माणसांनी असा बांधला अशी गोष्ट सांगतात. गोष्ट तशी रंगवलेली असेल, पूल तर उभा आहे. त्याच्यापेक्षा पुढचं देमोदर बघा. तिथे उतार इतका कमी अंतरात उतरायचा होता की लाइन एक गोल फेरी मारून स्वतःच्याच खालून जाते, बोगदा थेट स्टेशनच्या पोटातून. असं सांगतात की इंजिनिअरला उपाय सुचत नव्हता आणि एका मळ्यातल्या मुकादमाला त्याने डोक्याचं मुंडासं सोडून परत गुंडाळताना बघितलं. आत्या म्हणाली, "म्हणजे मुकादमाचं नाव राहिलं नाही, मुंडासं राहिलं."

डोंगरातून परत कोलंबोला येऊन आम्ही किनाऱ्याची लाइन घेतली, गॉलकडे. ही लाइन समुद्राच्या इतकी जवळून जाते की कोल्लुपिटियापासून दक्षिणेला जाताना उजव्या खिडकीत बसलं तर लाटेचे तुषार तोंडावर येतात, खोटं वाटेल, पण चष्म्यावर मीठ बसतं. ऑफिसातून सुटलेले लोक दारात पाय सोडून बसलेले, वारा घेत. आम्ही सगळे मस्त मूडमध्ये होतो. मग हिक्कडुवच्या आधी पेरलिय आलं आणि डब्यातले काही जण बोलायचे थांबले.

२६ डिसेंबर २००४, पौर्णिमेचा पोया दिवस, म्हणजे बौद्धांची सुट्टी, त्यात नाताळचा वीकएंड, त्यामुळे कोलंबोहून मातरला निघालेली गाडी खच्चून भरलेली. पेरलियला त्सुनामीची पहिली लाट आली आणि गाडी थांबली. आजूबाजूची गावकरी मंडळी गाडीकडे पळाली, डब्यात चढली, काही डब्यांच्या आडोशाला उभी राहिली, कारण एवढं जड लोखंड हलणार नाही असं कुणालाही वाटेल. दुसरी लाट त्याहून कितीतरी मोठी होती. किमान १,७०० माणसं गेली, जगातली सगळ्यात मोठी रेल्वे दुर्घटना. इंजिन कॅनडाहून आलेलं, ५९१ नंबरचं, मॅनिटोबा नावाचं, ते पुढे दुरुस्त करून परत चालवलं. आणि उखडलेली लाइन दोन महिन्यांच्या आत पुन्हा सुरू केली. तिथे स्मारक आहे, जवळ जपानी लोकांच्या मदतीने उभारलेली बुद्धाची मोठी मूर्ती आहे, बामियानच्या तोडलेल्या मूर्तीसारखी. गाडी तिथे थांबत नाही. समुद्र तिथून दोनेकशे मीटरवर, अगदी शांत, मुलं क्रिकेट खेळत होती.

गॉलबद्दल काही लिहीत नाही, किल्ला सुंदर आहे, सगळ्यांना माहितीये.

आता याळ देवी. हिच्याबद्दल कुणी विचारत नाही. कोलंबोहून जाफना, साधारण चारशे किलोमीटर, अनुराधपूर सोडलं की सरळसोट सपाट लाइन, झुडपं, लाल माती, मोर, तळी, मग ताडच ताड. डोंगर नाही, दरी नाही, पूल म्हणावा असा पूल नाही. आत्याच्या हिशोबाने इथे इंजिनिअर कुठेच अडला नाही. फोटो काढणारेही नाहीत. पण संपूर्ण लंकेतली एकच लाइन कर असं मला कुणी म्हणालं तर मी हीच सांगेन.

याळ देवी १९५६ ला सुरू झाली आणि उत्तर-दक्षिणेला जोडणारी सगळ्यात लाडकी गाडी होती. मग यादवी, लंकेचं सैन्य विरुद्ध तमिळ टायगर्स. १९९० ला जाफनाला जाणारी गाडी बंद पडली, वावुनियाच्या पुढची लाइन नुसती बंद नाही, नाहीशीच झाली. रूळ आणि स्लीपर काढून दोन्ही बाजूंनी बंकर बांधायला वापरले. जाफना स्टेशनचा सांगाडा उरला, गोळ्यांच्या खुणा, भिंतीतून उगवलेली झाडं. युद्ध २००९ ला संपलं, मग भारताच्या कर्जातून आपल्या इरकॉन या सरकारी रेल्वे-बांधकाम कंपनीने ती लाइन परत घातली आणि ऑक्टोबर २०१४ ला गाडी जाफनात शिरली, २०१५ च्या जानेवारीत अगदी टोकाला कांकेसंतुरैला. चोवीस वर्षं.

आमच्या समोर तिशीतला एक फार्मासिस्ट बसला होता, जाफनाचा, कोलंबोत नोकरी. त्याला म्हटलं लहानपणी या गाडीने यायचात का? तो म्हणाला, मी पहिली रेल्वे पुस्तकात बघितली. त्याच्या गावात रुळांचा बांध होता, त्याच्यावरून हे सायकलने शाळेत जायचे, आणि मुलांना माहीत नव्हतं की तो बांध कशाचा. आजी सांगायची की इथून गाडी जायची, तर यांना ती राजा-राणीच्या गोष्टीतली वाटायची. पहिली गाडी आली तेव्हा लोक स्टेशनात नटूनथटून आले होते आणि त्याच्या आईने ट्रेनला ओवाळायचंय म्हणून घरून ताट आणलं होतं पण गर्दीत पुढे जाताच आलं नाही. मग रिकाम्या प्लॅटफॉर्मलाच ओवाळून आली, असं सांगून तो खो खो हसला. आत्या नाही हसली. तिने विचारलं, "मग आता आई गाडीत बसतात का?" तो म्हणाला, "नाही, बसच बरी म्हणते. गाडी लेट असते."

किलिनोच्चीनंतर एलिफंट पास येतो. दोन्ही बाजूंना उथळ खारं पाणी आणि मिठागरं, आकाश एवढं मोठं की डोळे दुखतात. जाफना द्वीपकल्प मुख्य भूमीला इथे जेमतेम जोडलेलं आहे, म्हणून या चिंचोळ्या पट्टीसाठी लढाया झाल्या, १९९१, २०००, २००९. आता नवं कोरं स्टेशन, मिठावर बगळे. वाशी-पनवेलच्या बाजूला पूर्वी खिडकीतून मिठागरं दिसायची तशीच, आत्या तर भाऊच्या धक्क्यापर्यंत जाऊन पोचली आठवणीत. मी मात्र सारखी विचार करत होते की या पट्टीत रुळांखाली काय काय असेल. रूळ घालायच्या आधी इथले सुरुंग काढावे लागले होते.

जाफना गाव मला आवडलं, सायकली, निंबाची झाडं, नल्लूरचं कंदस्वामीचं देऊळ, जिथे पुरुषांनी शर्ट काढून जायचं. लायब्ररी बघितली. १९८१ साली ती जाळली होती, सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि ताडपत्रं गेली त्यात. आता पांढरीशुभ्र, परत उभी केलेली, आत शाळेची मुलं अभ्यासाला बसलेली. आत्याला तिथून हलवताना मला अर्धा तास लागला. ग्रंथपाल बाई आणि ती, दोघींची इंग्रजी वेगळी, विषय एकच, मुलं हल्ली वाचत नाहीत.

तलैमन्नारची लाइन तेवढी राहिली. मेदवच्चियाहून फाटा फुटतो, पश्चिमेला समुद्रापर्यंत. १९१४ पासून बोट मेल नावाची सोय होती, मद्रासला गाडीत बसायचं, पांबनच्या पुलावरून धनुष्कोडी, तिथे बोट, पलीकडे तलैमन्नारला परत गाडी, आणि कोलंबो. एका तिकिटात. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने धनुष्कोडी संपवलं, अख्खी पॅसेंजर गाडी वाहून नेली. रामेश्वरहून बोट तरीही चालू राहिली, ती १९८० च्या दशकात यादवी पेटल्यावर थांबली. लंकेतली ही लाइनही आपल्याच लोकांनी नव्याने घातली, २०१५ ला सुरू झाली, म्हणजे आता तिकडे गाडी टोकापर्यंत येते, इकडे रामेश्वरपर्यंत जाते, मधला तुकडा तेवढा नाही. आत्या कोलंबोच्या विमानतळावर नकाशा उघडून बसली होती, बोर्डिंग सुरू झालं तरी.

"इकडून नको," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला त्या टोकाने जाऊ. रामेश्वरची तिकिटं कधी उघडतात बघ जरा."

मी फोन काढला. दिवाळीच्या सगळ्या गाड्या वेटिंगला होत्या. तिला म्हटलं आत्या, वेटिंग आहे, तर म्हणे किती? म्हटलं एकशे सत्तर. "होईल कन्फर्म," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.